सोन ते रेगेटोन: गायक, गीतकार आणि १–४–७ चा हिशेब

पडघम:

लॅटिन गायकांच्या याद्या नेटवर ढीगभर मिळतात. सेलिया क्रूझ, एक्तोर लावो, रूबेन ब्लेड्स, ह्वान लुईस गेर्रा, शकीरा, डॅडी यँकी, बॅड बनी. नावं पाठ होतात, पण १९३३ ची क्यूबन तबकडी आणि २०१७ चं 'देस्पासितो' यांचं नातं कानाला सापडत नाही. ते नातं ठोक्यांत आहे. शिकायला वाद्य लागत नाही. कागद, पेन आणि दोन हात पुरे. म्हणून आधी हिशेब, मग माणसं.

कागदावर १ ते १६ आकडे एका ओळीत लिहा. १, ४, ७, ११ आणि १३ भोवती गोल करा. ही सोन क्लावे (सोन हा साल्साच्या मुळाशी असलेला क्यूबन नाचगाण्याचा प्रकार, क्लावे म्हणजे त्यात फिरत राहणारा ठोक्यांचा साचा), 'तीन-दोन' बाजूची: पहिल्या आठांत तीन ठोके, दुसऱ्या आठांत दोन. आता १, ५, ९, १३ वर पाय आपटा आणि गोल केलेल्या आकड्यांवर टाळी द्या. पाय आणि टाळी फक्त १ आणि १३ वर एकत्र येतात, बाकीच्या तीन टाळ्या दोन पावलांच्या मध्ये पडतात. मेट्रोनोम पायासाठी मिनिटाला ६० वर लावा, म्हणजे एक आवर्तन ४ सेकंदांचं होईल. हे सलग दोन मिनिटं न अडखळता जमलं की ८० करा, मग १००. साल्साची पुष्कळ गाणी ९० ते १०० च्या आसपास चालतात.

हमखास बिघडते ती तिसरी टाळी. पुढच्या पावलाच्या ओढीने ती ७ वरून ८ वर सरकते. ८ वर गेली की ती रुंबाची क्लावे झाली (१, ४, ८, ११, १३). तिला स्वतःची जागा आहे, पण सोन किंवा साल्साच्या गाण्यावर ती दिली तर टाळी बेसशी भांडते. दुसरी खोड म्हणजे पहिल्या तीन टाळ्या सारख्या अंतरावर देणं, जणू आठांचे तीन समान भाग केले. अंतर ३, ३ आणि मग आठ संपेपर्यंत २ असंच राहिलं पाहिजे. सगळी धार त्या शेवटच्या आखूड दोनात आहे.

या पहिल्या तीन आकड्यांची, म्हणजे १–४–७ ची, खूणगाठ बांधा. साल्सातला बेस बहुतेक वेळा १ गाळतो आणि ४ व ७ वर वाजतो. शिवाय ७ वर तो पुढच्या आठांचा कॉर्ड आधीच घेऊन येतो. गाणं सतत पुढे झुकल्यासारखं वाटतं ते यामुळे. हेच तीन आकडे पुढे बाकीच्या दशकांत कुठे कुठे भेटतात ते या धाग्यावर गोळा करू या.

रानजाई:

१६ म्हटलं की तीनताल आठवणारच. तबल्यावर हात बसलेल्याने मनात तीनताल धरून यावर टाळी दिली तर चालेल का? आणि रेकॉर्डमध्ये क्लावे वाजतच नसेल तर बाजू कशी ओळखायची?

पडघम:

मोजायला चालेल, धरायला नाही. तीनतालात सगळं वजन समेवर येतं आणि इथे बेस नेमका समेवर गप्प असतो. मग कान ७ वरच्या जड बेसलाच सम समजतो आणि सगळं गणित दोन मात्रांनी सरकतं. त्यावर उपाय कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल. साध्या ठेक्यात कोंगाची चापट ३ वर पडते आणि दोन खुले, घुमणारे ठोके ७ आणि ८ वर. ते दोन खुले ठोके झाले की लगेच येतो तो १. आधी हे दोन ठोके पकडा, बेसच्या मागे नंतर लागा.

क्लावे पुष्कळदा वाजतच नाही. ती सगळ्यांच्या वाजवण्यात मुरलेली असते. बाजू ओळखायला पियानो ऐका. पियानोची घोळणारी आकृती ज्या आठांत थेट १ वर सुरू होते ती साधारणपणे 'दोन' ची बाजू. ज्या आठांत ती सगळी पावलांच्या मध्येमध्ये वाजते ती 'तीन' ची. खात्री करायची असेल तर चार आवर्तनं तीन-दोन आणि चार आवर्तनं दोन-तीन अशी टाळी देऊन पाहा. चुकीच्या बाजूची टाळी गायकाच्या ओळीवर ठेच लागल्यासारखी आदळते.

शिरीषगंध:

आता माणसं. सुरुवात इग्नासिओ पिन्येइरोपासून करायला हवी. हा बेसवादक आणि गीतकार. १९२७ मध्ये हवानात त्याने सेक्स्तेतो नासिओनाल उभं केलं. ट्रंपेट आल्यावर ते सेप्तेतो झालं. सात वाद्यं नीट पाहा: गिटार, त्रेस, बेस, बोंगो (छोट्या ढोलांची जोडी), माराकास (खुळखुळे), क्लावेच्या दोन काठ्या आणि ट्रंपेट. त्रेस म्हणजे तारांच्या तीन जोड्या असलेलं क्यूबन वाद्य. आज पियानो जे काम करतो ते तेव्हा त्रेस करायचं. पिन्येइरोचं १९३३ चं 'एचाले साल्सिता' ऐकताना आधी येणारी सरळ कडवी आणि नंतर येणारा मोन्तुनो वेगळे काढा. मोन्तुनोत कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक त्याला उत्तरं देतो. पुढच्या नव्वद वर्षांच्या गाण्यांचा सांगाडा हाच.

त्याच काळात सान्तियागो दे क्यूबात मिगेल मातामोरोसचं त्रिकूट होतं (१९२५ पासून). दोन गिटार, माराकास आणि तीन आवाज. 'लाग्रीमास नेग्रास' मध्ये बोलेरो आणि सोन एकाच गाण्यात शिवलेले आहेत: आधी संथ दुःख, मग नाच.

पण या सगळ्याला आजचं अंग दिलं ते आर्सेनियो रोद्रिगेसने. लहानपणीच दृष्टी गेलेला हा त्रेसवादक. १९४० च्या दशकात त्याने पियानो, कोंगा आणि जादा ट्रंपेट घेऊन 'कोंहुन्तो' नावाचा मोठा ताफा बांधला. कोंगा तोवर रस्त्यावरचं वाद्य मानलं जायचं, प्रतिष्ठित बँडमध्ये त्याला जागा नव्हती. कोंगा आला आणि खालच्या पट्टीतला ठोका भक्कम झाला, तेव्हा बेसला १ गाळायची मोकळीक मिळाली. आर्सेनियो गीतकारही थोर. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा सल त्याच्या 'ब्रुका मानिग्वा' मध्ये आहे. १९७० मध्ये लॉस एंजेलिसला तो गेला, आणि नेमक्या त्याच वर्षांत न्यूयॉर्कची पोरं त्याच्या घडणीवर साल्सा उभा करत होती. त्याचं नाव याद्यांत फार खाली असतं, हे मला सलतं.

बेनी मोरेलाही वगळू नका. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. १९५३ मध्ये उभ्या केलेल्या बांदा हिगान्तेच्या वादकांना कोणी काय वाजवायचं ते तो गाऊन सांगायचा. बोलेरो आणि मोन्तुनो दोन्ही गळ्यांवर सारखी हुकमत असलेला दुसरा गायक मला सापडत नाही. १९६३ मध्ये तो गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता.

बोरूबहाद्दर:

गायकांवर भरभरून लिहिलं जातं, पण शीर्षकात 'गीतकार' आहे म्हणून तीते कुरेत आलोन्सो यांच्यासाठी जागा मागतो. जन्म १९२६, पोर्तो रिकोतलं ग्वायामा. टपाल खात्यात नोकरी, जोडीला पत्रकारिता. गाणी सुमारे २,०००. गायकाचं नाव सगळ्यांना ठाऊक, लिहिणाऱ्याचं कोणालाच नाही, अशी ही गाणी:

'ला तिराना' – ला लुपे, १९६८
'आनाकाओना' – चेओ फेलिसियानो, १९७१
'पेरिओदिको दे आयेर' – एक्तोर लावो, १९७६
'प्लान्तासिओन आदेन्त्रो' – रूबेन ब्लेड्स आणि विली कोलोन, १९७७
'लास कारास लिंदास' – इस्माएल रिवेरा, १९७८

पाच गाणी, पाच निराळे गळे, आणि प्रत्येक गाणं त्या गळ्यासाठीच बेतलेलं. ला लुपेला सूड आणि अभिमान, लावोला कालच्या वर्तमानपत्रासारखी शिळी झालेली प्रेयसी, रिवेराला काळ्या चेहऱ्यांचं सौंदर्य. 'आनाकाओना' ही स्पॅनिश लोकांनी फासावर दिलेली, कॅरिबियन बेटांवरच्या मूळच्या ताइनो लोकांची राणी. नाचायच्या गाण्यात हा विषय आणायचा आणि तो नाचताना पोचवायचा, हे कुरेतचं काम.

हक्कांच्या वादामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००९ पर्यंत त्यांची गाणी पोर्तो रिकोच्या रेडिओवर जवळजवळ बंद होती. ते २००३ मध्ये गेले, म्हणजे आयुष्याची शेवटची वर्षं स्वतःच्याच बेटाच्या रेडिओवर स्वतःची गाणी न ऐकता काढली.

तबकड्या गोळा करणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या साल्साच्या लेबलवर गीतकाराच्या जागी पुष्कळदा 'डी. आर.' अशी दोनच अक्षरं दिसतात. ते कोणा माणसाचं नाव नाही. 'हक्क राखीव' अशा अर्थाची ती खूण असून क्यूबात राहिलेल्या किंवा पैसे न पोचलेल्या रचनाकारांच्या जागी ती सर्रास टाकली जायची. अशा ठिकाणी नंतरची पुनर्मुद्रित आवृत्ती किंवा त्याच गाण्याची जुनी क्यूबन रेकॉर्ड पाहून नाव शोधावं.

रानजाई:

मोन्तुनोत गायक उत्तरं देतो म्हणजे नेमकं काय? पाठ केलेलं असतं की तिथल्या तिथे रचलेलं?

पडघम:

दोन्ही, पण सोनेरो ही पदवी तिथल्या तिथे रचणाऱ्यालाच मिळते. साधी मांडणी अशी: कोरस चार बार, सोनेरो चार बार. (एक बार म्हणजे वरचे आठ आकडे, तेव्हा चार बार म्हणजे क्लावेची दोन आवर्तनं.) त्या चार बारात त्याने गाण्याच्या विषयाला धरून नवी ओळ रचायची, यमक साधायचं आणि कोरस येण्याआधी श्वास घ्यायचा. गाणं तापलं की कोरस अर्धा करतात, दोन बार कोरस आणि दोन बार गायक. मध्ये ब्रासचा (ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा) भाग येतो, त्याला माम्बो म्हणतात. त्यानंतर सोनेरो परत येतो.

बिघडतं कुठे, तर बहुतेक नवे गायक पहिल्या बारमध्येच सगळे शब्द ओततात आणि उरलेल्या जागेत 'एह', 'ओये' भरतात. दुसरा घोळ म्हणजे ओळ लांबून कोरसवर चढणं. आता हाच घोळ इस्माएल रिवेरा मुद्दाम करायचा. तो कोरसच्या अंगावरून ओळ पुढे नेतो, मधल्या फटींत जादा अक्षरं कोंबतो आणि तरी क्लावेवर अचूक उतरतो. राफाएल कोर्तिखोच्या बँडमधल्या त्याच्या रेकॉर्डवर कोरसचे बार बोटांवर मोजत ऐका. तो कुठे घुसतो आणि कुठे सुटतो ते दिसेल. त्याला 'सोनेरो मायोर' म्हणत, थोरला सोनेरो.

एक्तोर लावो वेगळ्या जातीचा. अनुनासिक, उंच पट्टीतला, शब्द लख्ख ऐकू येणारा आवाज. पोर्तो रिकोतल्या पोन्सेहून न्यूयॉर्कला आलेला हा मुलगा १९६७ मध्ये विली कोलोनबरोबर 'एल मालो' या तबकडीवर पहिल्यांदा गाजला. तेव्हा कोलोन १७ वर्षांचा. त्यांच्या बँडमध्ये ट्रंपेटच्या जागी ट्रॉम्बोन होते. तो खरबरीत आवाज एडी पाल्मिएरीने १९६१ पासून आपल्या ला पेरफेक्तात रुजवला होता. १९७८ चं 'एल कान्तान्ते' दहा मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात व्हायोलिनही आहेत. गाणं रूबेन ब्लेड्सचं. गायकाला ऐकायला सगळे येतात, त्याचं दुखणं कोणी विचारत नाही, असा आशय. ब्लेड्सने ते लावोला दिलं आणि लावोने ते असं काही गायलं की लिहिणारा मागे पडला.

बोरूबहाद्दर:

ब्लेड्सचा विषय निघालाच आहे तर 'पेद्रो नावाखा'. 'सिएम्ब्रा' (१९७८) या तबकडीवरचं सात मिनिटांहून लांब गाणं. इतकं लांब गाणं रेडिओ लावणार नाही असा तेव्हाचा धंद्याचा ठोकताळा होता. ती तबकडी साल्साच्या सर्वांत जास्त खपलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली.

रचना बघा. सुरुवातीला जवळजवळ फक्त कोंगा आणि आवाज. एक गुंड, त्याचा सोन्याचा दात, टोपी, खिशात हात. दुसऱ्या बाजूने रस्त्याने येणारी बाई. जसजसे तपशील वाढतात तसतशी वाद्यं भरत जातात आणि पट्टी मधूनमधून अर्ध्या सुराने वर चढते. सुरी आणि गोळी एकाच वेळी चालतात, दोघं मरतात, आणि एक दारुडा सुरी, पिस्तूल, पैसे उचलून गात निघून जातो. मोन्तुनो सुरू होतो तो त्यानंतर. म्हणजे कथा कडव्यांत संपवली आणि तिच्यावरचं भाष्य मोन्तुनोत ठेवलं. ही विभागणी ब्लेड्सने पक्की केली. मांडणी लुईस 'पेरिको' ओर्तिसची आहे, त्याचं नाव जरूर लक्षात ठेवा.

हा माणूस पनामाचा, कायद्याचा पदवीधर. न्यूयॉर्कला आल्यावर फानिया या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या टपाल विभागात काम करत होता. १९९४ मध्ये पनामाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला, पुढे २००४ ते २००९ पर्यटनमंत्री होता.

शिरीषगंध:

फानियाचं नाव आलंय तर त्याबद्दल दोन ओळी. १९६४ मध्ये डोमिनिकन बासरीवादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी ती कंपनी काढली. २६ ऑगस्ट १९७१ ला चीता क्लबमध्ये आणि २४ ऑगस्ट १९७३ ला यँकी स्टेडियममध्ये फानिया ऑल-स्टार्सचे कार्यक्रम झाले. स्टेडियममध्ये गर्दी मैदानात उतरली आणि कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. म्हणूनच 'लाइव्ह अॅट यँकी स्टेडियम' नावाच्या तबकड्यांवरचं बरंचसं ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात पोर्तो रिकोतल्या रोबेर्तो क्लेमेन्ते कोलिसियममधलं आहे. तारीख लिहून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सेलिया क्रूझ १९५० मध्ये सोनोरा मातान्सेरा या क्यूबन बँडमध्ये आली, १९६० मध्ये क्यूबा सोडलं ते कायमचं. १९७४ च्या 'सेलिया अँड जॉनी' वर 'किंबारा' आहे. त्यात पाचेकोने ट्रंपेट आणि त्रेस ठेवून आर्सेनियोच्या घडणीलाच हात घातलाय. सेलियाचा खालचा, भरदार आवाज ब्रासवर सहज तरंगतो. बोल इतके जलद, तरी एकही अक्षर गिळलेलं नाही. गाणाऱ्यांनी हे गाणं अर्ध्या गतीवर लावून फक्त व्यंजनं ऐकावीत.

दर्यावर्दी:

शब्दांचं गणित कोणी सांगेल का? स्पॅनिश ओळ मोजायला गेलं की अक्षरं कधी जास्त भरतात, कधी कमी.

बोरूबहाद्दर:

स्पॅनिश लोकगीतांतली नेहमीची ओळ आठ अक्षरांची, आपल्या अष्टाक्षरीइतकीच. पण मोजायचे नियम निराळे. क्यूबन कवी खोसे मार्तीच्या १८९१ च्या कवितांवर पाहू, कारण 'ग्वान्तानामेरा' च्या चालीवर त्याच गायल्या जातात.

यो सोय उन ओम्ब्रे सिन्सेरो: यो-सोय-उन-ओम-ब्रे-सिन-से-रो. सरळ आठ.

ई आन्तेस दे मोरिर्मे क्येरो: वेगवेगळी मोजली तर नऊ होतात. पण शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकत्र गायचे: या(ई+आन)-तेस-दे-मो-रिर-मे-क्ये-रो. आठ.

क्येरो यो मी स्वेर्ते एचार: क्ये-रो-यो-मी-स्वेर-ते(+ए)-चार. सातच. शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर एक जादा धरायचं, म्हणून आठ. उलट जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर एक वजा.

गाताना फसगत होते ती दुसऱ्या नियमात. स्वर जोडले नाहीत तर ओळ एका अक्षराने लांबते आणि शेवटचं जोराचं अक्षर क्लावेच्या ठोक्यावरून घसरतं. आणखी खोलात जायचं तर 'देसिमा' पाहा: आठ अक्षरांच्या दहा ओळी आणि यमकांचा क्रम अ-ब-ब-अ-अ-क-क-ड-ड-क. पोर्तो रिको आणि क्यूबाच्या खेडेगावांत आजही शेवटची ओळ समोरून देतात आणि गायक त्या ओळीवर उतरेल अशा नऊ ओळी उभ्याउभ्या रचतो. सोनेरोची तालीम तिथूनच येते.

रानजाई:

बोलेरोतल्या स्त्री गीतकारांची नोंद हवी. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केसचं 'बेसामे मुचो' (१९४०), मारिया ग्रेव्हेरचं 'क्वांदो व्हुएल्वा आ तू लादो' (१९३४), क्यूबाच्या इसोलिना कारिय्योचं 'दोस गार्देनियास', पोर्तो रिकोच्या सिल्विया रेक्साचची गाणी. 'दोस गार्देनियास' मागच्या पिढीत पुन्हा घराघरांत पोचलं ते इब्राहिम फेरेरच्या आवाजात. बुएना व्हिस्ता सोशल क्लबची ती तबकडी १९९६ मध्ये हवानात ध्वनिमुद्रित झाली, १९९७ मध्ये निघाली.

गिटारवाल्यांसाठी: लोस पांचोसच्या त्रिकुटातली उंच, रडवी गिटार साधी गिटार नव्हे. ती रेकिंतो. आकाराने लहान आणि पाच अर्ध्या सुरांनी वर लावलेली, जाड तारेपासून ए, डी, जी, सी, ई, ए. साध्या गिटारवर पाचव्या पट्टीला कापो लावला की तेच स्वर मिळतात, फक्त वर जायला पट्ट्या कमी उरतात.

दर्यावर्दी:

बाचातामध्ये क्लावे शोधून थकायला होतं.

शिरीषगंध:

शोधू नका, तिथे ती चौकट नाही. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियो १९६१ मध्ये मारला गेला, त्यानंतर लगेच १९६२ मध्ये खोसे मानुएल काल्देरोनने पहिली बाचाता ध्वनिमुद्रित केली. मुळात गिटारवरचा बोलेरो, दारूच्या गुत्त्यांत वाढलेला. पाच वाद्यं: मुख्य गिटार, दुसरी गिटार, बेस, बोंगो आणि धातूची खरखरणारी ग्वीरा. चारच्या मोजणीत बेस बहुधा १, ३, ४ वर. प्रतिष्ठितांनी ती अनेक वर्षं दारात उभी केली नाही. ह्वान लुईस गेर्रा अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकून आलेला. त्याच्या १९९० च्या 'बाचाता रोसा' ने ती दिवाणखान्यात आणली. पण त्याच्या गुळगुळीत कॉर्डांवरून मूळ बाचाता ओळखू जाऊ नये, आधीच्या गिटारवाल्यांचा खरखरीतपणा वेगळाच आहे.

दर्यावर्दी:

मुंबईशीही एक खरा दुवा आहे. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि हळदोण्याचा गोवेकर ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. 'अलबेला' (१९५१) मधलं 'शोला जो भडके' लावा: बोंगो, माराकास आणि तेच ३-३-२. मात्र तिथे प्रत्येक आठांत 'तीन' चीच बाजू फिरत राहते, 'दोन' चं उत्तर मिळत नाही. म्हणून त्यावर पूर्ण क्लावे द्यायला गेलात तर अडकाल. नुसतं १–४–७ द्या, बसतं.

पडघम:

आणि हीच गोष्ट रेगेटोनमध्ये होते. कागदावरची १६ ची ओळ परत घ्या. १, ५, ९, १३ वर किक (ड्रमचा जड, खालचा ठोका). ४, ७, १२, १५ वर स्नेअर (ड्रमचा कडक, वरचा ठोका). आता १२ आणि १५ म्हणजे दुसऱ्या आठांतले ४ आणि ७ च. किकचा १ धरला की १–४–७ सलग दोनदा. या ठोक्याचं नाव डेंबो. जमैकाच्या शॅबा रँक्सच्या १९९० च्या गाण्यावरून पडलेलं. पनामात एल हेनेरालने स्पॅनिशमध्ये रेगे आणलं होतंच, पोर्तो रिकोत ते कॅसेटींवरून फोफावलं, आणि २००४ मध्ये डॅडी यँकीच्या 'गासोलिना' ने जग घेतलं.

'देस्पासितो' लुईस फोन्सी आणि पनामाच्या एरिका एंदेर यांनी रचलं, डॅडी यँकीने आपला भाग घातला. मिनिटाला ८९ ठोके. सुरुवातीला वाजतो तो पोर्तो रिकोचा क्वात्रो, दहा तारांच्या पाच जोड्या. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते १६ आठवडे पहिलं राहिलं.

रेगेटोनमध्ये प्रश्नोत्तर नाही म्हणून ते हलकं, असं म्हणणाऱ्यांनी बॅड बनीची २०२५ ची 'देबी तिरार मास फोतोस' ऐकावी. 'बाइले इनोल्विदाब्ले' पूर्ण साल्सा आहे, वाजवणारे सान हुआनच्या संगीतशाळेतले विद्यार्थी. त्याच तबकडीवर एल ग्रान कोम्बोच्या १९७५ च्या 'उन व्हेरानो एन नुएव्हा योर्क' चा तुकडा घेऊन त्यावर डेंबो चढवलाय. एल ग्रान कोम्बो १९६२ चा बँड.

रानजाई:

शेवटचं विचारते. इतकं सगळं फोनवर ऐकताना बेस ऐकूच येत नाही, मग ४ आणि ७ पकडायचे कसे?

पडघम:

फोनचा छोटा स्पीकर बेसचे खालचे सूर गिळतो, त्यामुळे त्यावर हा अभ्यास होणार नाही. कानात घालायचे साधे वायरवाले हेडफोन चालतील. ब्लूटूथवर ऐकता येतं, पण फोनवरच्या मेट्रोनोमचा बाहेरचा आवाज आणि कानातलं गाणं यांत फरक पडतो, तेव्हा टाळीचा सराव तारेवरच करा. १९३० च्या तबकड्यांत बेस मुळातच पुसट आहे. तिथे बोंगो आणि माराकासवर मोजा. बेस शिकायला १९७० च्या दशकातली फानियाची ध्वनिमुद्रणं उत्तम, कारण बेस पुढे आहे.

एकच गाणं चार वेळा लावा. पहिल्यांदा फक्त कोंगाचे ७-८. दुसऱ्यांदा बेसचे ४ आणि ७, तेही तोंडाने म्हणत. तिसऱ्यांदा क्लावेची टाळी, दोन्ही बाजूंनी तपासून. चौथ्यांदा मोन्तुनो सुरू झाल्यापासून कोरसचे बार मोजा आणि कोरस चारावरून दोनावर येतो ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. सुरुवातीला 'पेरिओदिको दे आयेर' घ्या. ज्यांच्या जागा जुळणार नाहीत त्यांनी इथे वेळ टाकावी, मिळून तपासू.